आरएक्स १००: कार्बची सेटिंग दर पंधरा दिवसांनी का बिघडते?

यामाहाच्या जुन्या टू स्ट्रोक आरएक्स १००वाल्यांची एक तक्रार कोल्हापूरपासून नाशिकपर्यंत कुठेही गेलात तरी सारखीच ऐकायला मिळते. कार्ब, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर, साफ करून घेतला, मेकॅनिकने हवेचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू लावून दिला, गाडी एकदम मक्खन झाली, आणि आठ-पंधरा दिवसांत परत तेच. कधी रेस आपोआप वर जातेय, कधी सिग्नलला बंद पडतेय, अर्ध्या थ्रॉटलला अडखळतेय, ॲव्हरेज पडलंय, प्लग काढला तर काळा कुळकुळीत. मग परत गॅरेज, परत कार्ब खोला, परत स्क्रू पिळा. असं करत करत फ्लोट बाऊलच्या (कार्बखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) स्क्रूंची डोकी झिजतात, एअर स्क्रूचं टोक चेपतं आणि चांगला ओरिजिनल मिकुनी कंपनीचा कार्ब हकनाक मरतो. ते बघून खरंच जीव तुटतो, कारण या गाड्या १९९६ ला बंद झाल्या आणि त्या काळातला कार्ब आता सहज मिळत नाही.

तर सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कार्बची सेटिंग आपोआप बदलत नाही. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, पितळेचं असतं, त्याचं भोक पंधरा दिवसांत लहान-मोठं होत नाही. थ्रॉटलबरोबर वरखाली होणाऱ्या नीडलची (सुईची) क्लिप ज्या खाचेत बसवली त्याच खाचेत असते. एअर स्क्रूमागे स्प्रिंग असते, तोही सहसा जागचा हलत नाही. मग सेटिंग जागेवर असून गाडी बदलली, तर कार्बच्या आजूबाजूचं काहीतरी बदललंय. कुठूनतरी चोरून हवा आत शिरतेय, पेट्रोल कमी-जास्त येतंय, धूर बाहेर जायला अडतोय, नाहीतर एखादा पार्ट झिजलाय. ते सापडत नाही तोपर्यंत स्क्रू पिळून फक्त लक्षण झाकलं जातं, आणि टू स्ट्रोकमध्ये ते महागात पडतं. फोर स्ट्रोक लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालली तर गरम होईल, पॉवर कमी देईल. टू स्ट्रोकमध्ये क्रँकच्या बेअरिंगला आणि पिस्टनला मिळणारं ऑइल हवा-पेट्रोलच्या मिक्सबरोबरच आत जातं आणि पिस्टन थंड ठेवायला येणारं ताजं पेट्रोलही तेच, त्यामुळे मिक्स लीन झालं की गरमी वाढते, आणि जास्त ताणलंत तर पिस्टन बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) धरतो. ९८ सीसीच्या त्या ५० मिलिमीटर बोअरमध्ये पिस्टन आणि बोअरमधली जागा केसापेक्षाही कमी असते, धरायला वेळ लागत नाही.

आता सुरुवात कुठून करायची. माझ्या मते कायम हवेच्या लीकपासून, कारण "सारखी सेटिंग बिघडते" या तक्रारीत बऱ्याचदा हेच निघतं आणि गॅरेजमध्ये बऱ्याचदा हेच बघितलं जात नाही.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. गाडी गरम झाल्यावर थ्रॉटल सोडला की रेस पटकन खाली येत नाही, वरच लटकते, मग हळूहळू उतरते. सकाळी थंड असताना आयडलिंग बरोबर आणि पाच-सात किलोमीटर चालवल्यावर रेस वाढलेली. मेकॅनिक आयडल स्क्रू सोडून रेस कमी करतो, मग दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी आयडलिंगला चालूच राहत नाही, परत स्क्रू आवळतो. हा खेळ सुरू झाला की समजायचं, इंजिन कुठूनतरी हवा घेतंय. अजून एक खूण म्हणजे गरम गाडीत रेस चढलेली असताना चोक थोडा ओढला तर रेस खाली येऊन गाडी शांत होते, कारण चोकने पेट्रोल वाढून चोरून आलेल्या हवेची भरपाई होते.

हवा शिरायच्या जागा ठराविक आहेत. कार्ब आणि ब्लॉकच्या मधला रबरी जॉइंट पहिला. वरून बघाल तर धडधाकट दिसतो. तो काढा, हातात धरून उलट्या बाजूने वाका, रबर जिथे लोखंडी प्लेटला चिकटवलेलं असतं त्या कडेला उजेडात नीट बघा. तिथे नखाच्या टोकाएवढी फट असते, सरळ ठेवली की मिटते आणि वाकवली की तोंड उघडते. इंजिन गरम होऊन रबर मऊ झालं, कार्बचं वजन त्यावर लोंबलं की हीच फट उघडते, म्हणूनच गाडी थंड असताना बरोबर आणि गरम झाल्यावर बिघडते. सिलिकॉन फासून हे काम होत नाही, पेट्रोलने सिलिकॉन फुगून सुटतं आणि त्याचे तुकडे आत जाऊ शकतात. जॉइंट नवीनच टाका, त्यामागचं पॅकिंग नवीन टाका आणि दोन्ही बोल्ट थोडे थोडे करून सारखे आवळा, एक बाजू आधी पूर्ण आवळली की प्लेट तिरकी बसते.

दुसरी जागा रीड ब्लॉकचं, म्हणजे मिक्स फक्त आत जाऊ देणाऱ्या पाकळ्यांच्या झडपेचं, पॅकिंग. तो काढलाच आहे तर रीडच्या पाकळ्या उजेडासमोर धरून बघून घ्या, पाकळी पूर्ण टेकलेली नसेल किंवा कोपरा उडालेला असेल तर उजेडाची रेघ दिसते. अशी रीड असेल तर पेट्रोल उलटं कार्बकडे फेकलं जातं, फिल्टर पेट्रोलने ओला सापडतो, किक जास्त माराव्या लागतात आणि खालच्या रेसला जोर नसतो. तिसरी जागा हेडचं आणि ब्लॉकखालचं पॅकिंग, तिथे बाहेरून तेलकट काळा डाग दिसतो. आणि चौथी जागा, जी सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते, ती म्हणजे क्रँकची डावीकडची ऑइल सील, मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या वीज बनवणाऱ्या चाकाच्या) मागची.

या सीलबद्दल थोडं सविस्तर लिहितो. टू स्ट्रोकचा क्रँककेस हा पंपासारखा काम करतो, पिस्टन वर गेला की आत ओढ तयार होते आणि खाली आला की दाब. ती ओढ आणि दाब धरून ठेवायचं काम क्रँकच्या दोन टोकांवरच्या रबरी सील करतात. डावीकडची सील कोरड्या बाजूला आहे, बाहेर मॅग्नेट आणि मोकळी हवा. तिचं ओठ कडक झालं, चिरलं, की प्रत्येक फेऱ्यात थोडी हवा आत ओढली जाते. कार्ब कितीही परफेक्ट लावा, ती हवा कार्बमधून आलेलीच नाही तर कार्ब तिचा हिशोब कुठून करणार? डावं कव्हर उघडून मॅग्नेटच्या खालच्या भागात बघा, काळं, ओलसर, पेट्रोल-ऑइलचा वास येणारं चिकट काहीतरी प्लेटवर पसरलेलं असेल तर सील गेल्याचा तो मोठा पुरावा आहे, कारण हवा आत जाते तसा दाबाच्या वेळी मिक्स बाहेरही फुटतो. मॅग्नेट काढायला पुलरच वापरा, हातोडीने ठोकाल तर क्रँक वाकडा होईल आणि नवीन सीलसुद्धा टिकणार नाही.

माझ्या एका दोस्ताच्या गाडीचं असंच चाललं होतं. एका गॅरेजमध्ये लीन वाटते म्हणून मेन जेट (पूर्ण थ्रॉटलचं) मोठं टाकलं, दुसरीकडे नीडल वर केली, तिसरीकडे पायलट जेट (आयडलिंगचं) बदललं, आणि प्रत्येक वेळी आठवडाभर बरी चालून परत रेस लटकायला लागायची. वरच्या थ्रॉटलला इतकं पेट्रोल जायचं की धुराने मागचे लोक हैराण आणि खाली आयडलिंगला तरीही लीन. शेवटी प्रेशर टेस्ट केल्यावर डावी सील फुसफुसताना कानाने ऐकू आली. सील बदलली, सगळे जेट ओरिजिनल नंबरचे परत टाकले, आणि एअर स्क्रू जवळपास कंपनी सेटिंगवरच बसला.

प्रेशर टेस्ट घरी करता येते, त्यासाठी महागडं किट लागत नाही. जुन्या बीपी मशीनचा हातपंप आणि गोल डायल घ्या. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा जाड तुकडा फ्लँजखाली दाबून बंद करा. कार्ब काढून रबरी जॉइंटमध्ये घट्ट बसणारं रबरी बूच घाला, त्यातून नळी काढून पंपाला जोडा. प्लग लावलेला असू दे, पिस्टन खाली आणा म्हणजे क्रँककेस आणि सिलिंडर दोन्ही एकत्र तपासले जातील. मग हळूहळू डायल २५० ते ३०० (मिलिमीटर पारा) पर्यंत न्या, तेवढाच दाब पुरे, ३०० म्हणजे साधारण पावणेसहा पीएसआय. याच्या वर जाऊ नका, चांगली सीलही उलटू शकते. आता काटा बघत बसा. मिनिटभरात थोडासा उतरला तर ठीक, पण डोळ्यांदेखत भराभर खाली येत असेल तर लीक आहे. साबणाचं पाणी ब्रशने सगळ्या जॉइंटवर, हेडखाली, मॅग्नेटच्या मागे, प्लगच्या कडेला लावा, पंक्चरवाला ट्यूबला बघतो तसे बुडबुडे दिसतील. बुडबुडे कुठेच नाहीत आणि काटा तरी पडतोय तर उजवीकडची सील, ती क्लचच्या बाजूला आत असल्यामुळे बाहेरून दिसत नाही, पण गिअर ऑइल भरायचं बूच उघडून कान लावलात तर फुसफुस ऐकू येते.

चालू गाडीवर जॉइंटच्या आजूबाजूला स्प्रे मारून रेस बदलते का ते बघायची पद्धतही आहे आणि ती चालते, पण गरम एक्झॉस्ट शेजारीच आहे, कार्ब क्लीनर पेट घेतो, तेव्हा जपून. रेस लटकलेली असेल तर साधं पाणी बाटलीतून थोडं थोडं शिंपडलं तरी फरक कळतो, पाणी त्या फटीत गेलं की रेस क्षणभर उतरते.

उजवी सील गेली की चित्र उलटं दिसतं. तिथून हवेऐवजी गिअर ऑइल आत ओढलं जातं. धूर दाट पांढरा, वास पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टूटी ऑइलपेक्षा वेगळा, जळका, प्लग ओला आणि चिकट, आणि गिअर ऑइलची लेव्हल खाली पडत जाते. याला लोक "कार्ब रिच झालाय", म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, असं म्हणतात आणि जेट लहान करतात. सरळ जीवघेणा उपाय आहे तो, कारण उद्या सील बदलली की तेच लहान जेट इंजिन लीन करून जाम करेल. धूर वाढला की आधी गिअर ऑइल किती आहे ते बघा, मग कार्बकडे जा.

आता पेट्रोलची बाजू. इथे टाकीपासून खाली यायचं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर गाडी काही किलोमीटर छान चालून हळूहळू पेट्रोल तुटल्यासारखी मरते, झाकण उघडलं की सूं आवाज येतो आणि परत चालू होते. लोक याच्यासाठी कार्ब खोलून बसतात. टाकीत गंज असेल तर तो बारीक लाल पावडरीसारखा कॉकच्या जाळीतून सुटून फ्लोट बाऊलच्या तळाशी बसतो, आणि कार्ब साफ केल्यावर बरी झालेली गाडी आठवड्यात परत बिघडते त्याचं हे अगदी ठरलेलं कारण. बाऊल काढल्यावर तळाचं पेट्रोल ओतून न टाकता पांढऱ्या कपड्यावर गाळा, लाल कण दिसले तर कार्ब साफ करणं थांबवा आणि टाकी साफ करा.

बाऊलमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी फ्लोटची नीडल झिजली असेल, तिच्या टोकावर गोल रेघ उमटलेली असेल, तर बाऊलमध्ये लेव्हल वर चढते आणि गाडी सगळ्याच थ्रॉटलला रिच वागते, उभी करून ठेवली की ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडतात. लेव्हल बघायची तर कार्ब उलटा धरून फ्लोटची पत्री बॉडीच्या कडेला समांतर आहे का ते ढोबळमानाने बघता येतं, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. लेव्हल चुकलेली असताना जेट ट्यून करण्यात काही अर्थ नाही, सगळे जेट त्या लेव्हलच्या हिशोबाने काम करतात.

चोकचं पण बघा. या कार्बमध्ये चोक म्हणजे हवा अडवणारी पट्टी नसते, एक छोटा प्लंजर असतो जो वेगळ्या वाटेने पेट्रोल सोडतो. त्याच्या खालच्या टोकाचं रबर कडक झालं किंवा मध्ये कचरा बसला तर चोक बंद असूनही पेट्रोल झिरपत राहतं. आयडलिंगला रिच, प्लग काळा, आणि एअर स्क्रू कुठेही फिरवा फरकच पडत नाही, असं झालं तर प्लंजर काढून त्याचं बूड बघा.

सायलेन्सर हा विषय थोडक्यात, पण विसरू नका. टू स्ट्रोकमध्ये बॅफलवर (सायलेन्सरमधल्या काढता येणाऱ्या नळीवर) आणि एक्झॉस्ट पोर्टवर काजळी साचते, वाट अरुंद होते, गाडी वरच्या रेसला गुदमरते आणि ते अगदी रिच मेन जेटसारखं वाटतं. बॅफल काढून जाळून किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून साफ करा, कॉस्टिकला हातमोजे आणि चष्मा लावूनच हात घाला आणि ॲल्युमिनियमच्या कोणत्याही पार्टला ते लागू देऊ नका. फिल्टरचा स्पंज फाटलाय का, फिल्टर बॉक्सचा रबरी पाइप कार्बवर नीट चढलाय का, हेही त्याच हाताने बघून घ्या. आणि फिल्टर बॉक्स काढून नुसता उघडा कार्ब चालवत असाल, किंवा एक्स्पान्शन चेंबर (पॉवर वाढवणारा फुगीर सायलेन्सर) लावला असेल, तर कंपनीची सेटिंग तुमच्या गाडीला लागूच होत नाही, मेन जेट मोठं करावंच लागतं.

झीज. नीडल वर्षानुवर्षं नीडल जेटच्या भोकात खालीवर घासते, भोक लांबट होतं. त्यामुळे पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये, म्हणजे रोजच्या गावातल्या चालवण्यात, पेट्रोल जास्त जातं. ॲव्हरेज पडण्याचं हे जुन्या गाड्यांमधलं मोठं कारण आहे आणि मेन जेट लहान करून ते सुटत नाही, कारण त्या टप्प्यात हुकूम नीडलचा चालतो. नीडल आणि नीडल जेट दोन्ही जोडीने बदला. स्लाइडही तशीच, थ्रॉटलने वरखाली होऊन हवेची वाट उघडणारी ही स्लाइड बोटाने धरून पुढेमागे हलवा, खडखड वाजत असेल तर आयडलिंग कधीच स्थिर राहणार नाही. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त किटमधल्या जेटवर नंबर एक आणि भोक भलतंच असं सर्रास असतं, म्हणून जुनं ओरिजिनल जेट साफ करून वापरता येत असेल तर तेच वापरा. साफ करायला तार घालू नका, पितळ ओरखडतं. मासे पकडायची तंगूस घाला, कार्ब क्लीनर मारा, उजेडात धरून भोक पूर्ण गोल दिसतंय का बघा. आणि बाऊलचे स्क्रू जपानी पद्धतीच्या क्रॉसचे आहेत, साधा स्टार स्क्रू ड्रायव्हर त्यात घसरतो, डोकी उडायचं कारण तेच.

एवढं सगळं बघून झालं, लीक नाही, पेट्रोल साफ, लेव्हल बरोबर, सायलेन्सर मोकळा, प्लग नवीन, की मग ट्यूनिंग. आणि ते मग अर्ध्या तासाचं काम राहतं.

थ्रॉटलच्या ग्रिपवर पांढरी टेप लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. कारण कार्बचा कुठला भाग कधी काम करतो ते थ्रॉटल किती उघडलाय यावर ठरतं, गाडी किती स्पीडने चाललीय यावर नाही. एक अष्टमांशपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, तिथून पावपर्यंत स्लाइडचा खालचा तिरका काप, पाव ते पाऊण नीडल, आणि वर मेन जेट. बिघाड कोणत्या खुणेला येतो ते कळलं की हात कुठे घालायचा ते कळतं.

गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून पूर्ण गरम करा. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्या, आवळू नका, मग दीड आटा (फेरा) बाहेर. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. या मिकुनीत हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला आहे आणि तो हवा सोडतो, म्हणून आत घेतला की रिच, बाहेर सोडला की लीन. बऱ्याच फोर स्ट्रोक गाड्यांत तो इंजिनच्या बाजूला असतो आणि पेट्रोल सोडतो, तिथे बरोब्बर उलटं. अशा फोर स्ट्रोकवर हात बसलेला माणूस सवयीने उलट फिरवतो. आता पाव-पाव आटा करत जिथे रेस सगळ्यात वर आणि एकसारखी लागते ती जागा शोधा, मग आयडल स्क्रूने रेस खाली आणा, परत एकदा एअर स्क्रू तपासा. ती जागा एक आट्याच्या आतच येत असेल तर पायलट जेट लहान पडतंय, अडीच आट्यांच्या बाहेर जात असेल तर मोठं होतंय. मी शेवटी त्या जागेपासून किंचित आत ठेवतो, म्हणजे थोडं रिच, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये बरं पडतं.

नीडलसाठी अर्ध्या थ्रॉटलच्या खुणेला गाडी स्थिर चालवा. जड, घुमल्यासारखी, मध्येच एक फटका सोडून चालल्यासारखी वाटली तर रिच, क्लिप एक खाच वर लावा म्हणजे नीडल खाली जाईल. थ्रॉटल धरून ठेवलेला असताना पुढे-मागे ओढल्यासारखी, आवाज सुका आणि टणटणीत झाला तर लीन, क्लिप एक खाच खाली. एका वेळी एकच खाच आणि एका वेळी एकच पार्ट, दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

मेन जेटसाठी मोकळा, सरळ, रिकामा रस्ता हवा, हेल्मेट हवं, गावात हे करू नका. तिसऱ्या गिअरला पूर्ण थ्रॉटलने थोडं अंतर न्या, मग थ्रॉटल तसाच ठेवून चावी बंद करा आणि लगेच क्लच दाबा, गाडी गडगडत बाजूला घ्या, प्लग काढा. चॉकलेटी ते बिस्कीट कलर चांगला, सुकी काळी काजळी रिच, पांढराफटक किंवा चिनी मातीवर बारीक चमकते ठिपके दिसले तर ताबडतोब थांबा आणि जेट वाढवा, ते ठिपके पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं. हल्लीच्या पेट्रोलवर रंग उशिरा आणि फिका दिसतो, म्हणून मी चोकची परीक्षाही घेतो, पूर्ण थ्रॉटलला क्षणभर चोक ओढला आणि गाडीने जोर धरला तर मेन लीन, घुसमटली तर मेन पुरेसं आहे. प्लगच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, एनजीकेमध्ये नंबर वाढला की प्लग थंड आणि बॉशमध्ये नंबर कमी झाला की थंड, नंबर बघून अंदाजाने प्लग टाकलात तर रंगावरून काढलेला सगळा निष्कर्ष चुकेल.

ऑइलचं प्रमाण बदललं तरी सेटिंग बदलते. लोकांना वाटतं जास्त ऑइल म्हणजे रिच. जेटच्या भोकातून ठराविकच द्रव जातो, त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी, म्हणजे हवेच्या हिशोबाने लीनच. लिटरला २० मिली म्हणजे पन्नासास एक, २५ म्हणजे चाळीसास एक. ऑइल पंप बंद करून टाकीत मिक्स करणाऱ्यांनी मापाच्या बाटलीने टाका आणि प्रत्येक वेळी तेवढंच टाका, पंपावर उभं राहून अंदाजे धार ओतली तर कार्ब रोज वेगळा वागणार.

इथेनॉलचंही तसंच. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साध्या पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे ज्या जेटवर गाडी पूर्वी बरोबर होती त्याच जेटवर ती सात-आठ टक्क्यांच्या आसपास लीन चालते. जुन्या सेटिंगवर गाडी अचानक सुकी, गरम वाटायला लागली असेल तर हे एक कारण असू शकतं, नीडल एक खाच वर करून आणि गरज पडली तर मेन जेट एक नंबर वाढवून बघा. शिवाय इथेनॉल पाणी धरतं आणि जुनं रबर फुगवतं, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून बाऊल रिकामा करून ठेवा, नाहीतर पायलट जेट पहिलं बुजतं.

हवामान आणि उंचीचा फरक पण धरून चाला. मे महिन्याच्या चाळीस डिग्रीत लावलेली सेटिंग नाशिकच्या दहा डिग्रीतल्या पहाटे लीन होते, कारण थंड हवा दहा टक्क्यांच्या आसपास दाट असते. उंचीवर उलट, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या जवळपास आहे, तिथे हवा विरळ, गाडी रिच होऊन जड वाटते. तिथे वर स्क्रू सोडू नका, जेट तर अजिबात बदलू नका. त्याच दिवशी आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलात की हवा परत दाट होणार आणि तुम्ही लीन गाडी घेऊन कोकणातल्या उन्हात असणार. थोडी जड चालली तर चालू द्या. आणि घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करून नुसत्या गिअरवर लांबपर्यंत गाडी सोडू नका, मिक्स पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत थ्रॉटल बंद म्हणजे ऑइलही जवळपास बंद आणि इंजिन मात्र जोरात फिरतंय. अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटलचा एक-एक झटका देत उतरा आणि वेग ब्रेकवर सांभाळा.